मलेनिया पाडायची कशी? एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये या बॉसपाशी (मोठ्या शत्रूपाशी) अडकलेल्या सगळ्यांसाठी धागा

रात्रपाळी (राजारामपुरी)

मंडळी, राजारामपुरीपासून उचगावापर्यंत एल्डन रिंग खेळणाऱ्या ज्याला विचारावं तो सध्या मलेनियापाशी येऊन थांबलाय. प्रत्येकजण आपापल्या ग्रुपवर तेच विचारतो, उत्तरं तुकड्यातुकड्यात मिळतात आणि दोन दिवसांत वर सरकून हरवतात. म्हणून सगळं एका जागी आणू. मला पक्कं माहीत आहे ते मी आधी लिहितो, तुमचं तुम्ही खाली जोडा.

'सोडून दे, पुढं जा' सांगणाऱ्यांना आधीच विनंती: ते आम्हाला माहीत आहे. ती ऐच्छिक बॉस आहे, तिच्याशिवाय गेम संपतो. २१ जून २०२४ ला आलेला 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हा वाढीव भाग सुरू करायलाही ती आडवी येत नाही, त्याला राडान आणि मोग हे दोन बॉस पडलेले लागतात. पण जो माणूस कॅसल सोलमध्ये नायलशी झुंजून मेडॅलियनचा अर्धा तुकडा आणतो, दुसरा अर्धा अल्बिनॉरिकांच्या गावातून हुडकतो, ऑर्डिनाच्या बर्फात ज्योती पेटवत फिरतो आणि हॅलिगट्रीच्या फांद्यांवरून पडत-झडत एल्फाएलपर्यंत उतरतो, त्याला मागं फिर म्हणण्यात काय अर्थ आहे? त्याला ती पाडायचीच आहे.

आता मुद्द्याचं. मलेनिया अवघड आहे ती वेगामुळं नाही. तिच्याहून वेगवान आणि तिच्याहून जबर मारणारे बॉस याच गेममध्ये आहेत. ती अवघड आहे कारण तिचा घाव तुम्हाला लागला की तिचं रक्त (हेल्थ) भरतं. ढालीवर घेतला तरी भरतं. तुम्ही बोलावलेल्या स्पिरिट अ‍ॅशला (मदतीच्या आत्म्याला) लागला तरी भरतं. इतर बॉसशी आपण नकळत एक हिशोब मांडतो: मी दोन खाल्ले, चार दिले, फ्लास्क (हेल्थ भरणारं औषध) प्यायलो, म्हणजे मी पुढं. इथं तो हिशोब कोलमडतो, कारण तुम्ही खाल्लेले दोन घाव तिच्या खात्यात जमा होतात.

त्यामुळं माझं सांगणं असं की आपला मार वाढवण्यामागं लागू नका, तिला मिळणारं रक्त बंद करा. बिल्ड (पात्राची घडण) कुठलाही असो, प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर तपासून बघा. लोभानं मारलेला तिसरा घाव तुम्हाला शंभर देतो आणि उलटा फटका बसला की तिला त्याहून जास्त देतो.

तयारीबद्दल थोडक्यात. व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) ६० करा. ६० ला हेल्थ १९०० होते आणि तेवढी असली तरच एखादी चूक पचते. पॉइंट दुसरीकडं अडकले असतील तर रेनालाकडं जाऊन एक लार्व्हल टिअर खर्च करून ते परत वाटा, टिअर याच कामासाठी आहेत. वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रोल (लोळून चुकवणं) जड होतो आणि जड रोलनं मलेनिया होत नाही. ड्रॅगनक्रेस्ट ग्रेटशील्ड टॅलिस्मन तिच्याच अंगणात, एल्फाएलमध्येच पडलाय. शारीरिक मार २० टक्क्यांनी कमी होतो, तो घेतल्याशिवाय खाली उतरू नका. हत्यार +२५ किंवा सोम्बर (खास हत्यारांचा वर्ग) असेल तर +१० च्या जवळ हवं.

पहिल्या फेरीत ती संथ चालत येते. त्या चालण्याला फसू नका, पण घाबरूनही जाऊ नका. तिचा पॉइज कमी आहे, साध्या घावानंही ती हलते. दोन मारले की थांबा. तिसऱ्याला ती बहुतेकदा मागं उडी घेते किंवा तुमच्या घावातूनच उलटा वार काढते. दोन मारायचे आणि बाजूला व्हायचं. अशानं लढाई लांबते, लांबू दे.

वॉटरफाउल डान्स या तिच्या डावावर वेगळं लिहितो, त्याशिवाय हा धागा काही कामाचा नाही.

कळंबा_जेलरोड

दादा लिहाच. तोवर माझा प्रश्न. मी ग्रेटशील्ड घेऊन मागून भाल्यानं टोचतो. सगळे घाव ढालीवर थांबतात, माझं काहीच जात नाही, पण तिची हेल्थची पट्टी खाली यायलाच तयार नाही. ढाल टाकू का?

रात्रपाळी (राजारामपुरी)

@कळंबा, तुझं उत्तर वरच आहे भावा. तुझ्या ढालीवर आपटलेला प्रत्येक घाव तिला रक्त देतोय. ढालीमागून टोचून तिला पाडणारे आहेत, पण त्यांच्या भाल्यावर ब्लीड (रक्तस्राव) नाहीतर फ्रॉस्ट (गारठा) असतो, आणि तो भरून फुटला की एका झटक्यात जेवढं जातं तेवढं ती ढालीवरून परत मिळवू शकत नाही. तुझा भाला साधा असेल तर त्याला ब्लीडची अ‍ॅश ऑफ वॉर (हत्याराला लावायचं कौशल्य) लाव. तिला ब्लीडही लागतो, फ्रॉस्टही लागतो. स्कार्लेट रॉटवर (सडवणाऱ्या रोगावर) वेळ घालवू नकोस, ती स्वतःच त्याची देवी आहे.

आता वॉटरफाउल.

तिची पट्टी पाऊण भागाच्या आसपास खाली आली की पहिल्या फेरीत ती हा डाव काढायला लागते. खूण अशी: ती सरळ वर उडते आणि हवेत थांबते. एक गुडघा वर, तलवारीचा हात मागं खेचलेला आणि तिच्याभोवती वाऱ्याचे पांढरे ओरखडे गोळा होतात. त्या थांबण्यात तुमच्या हातात जेमतेम क्षणभर असतो. त्या क्षणात बोटानं आपोआप रोल दाबला की तुम्ही संपलात, कारण पहिला झपाटा एका रोलपेक्षा खूप लांब चालतो. रोल संपून तुम्ही उठता तेव्हाही तलवारी फिरतच असतात.

तुम्ही थोडं लांब असाल तर पहिल्या झपाट्याला लॉक-ऑन (तिच्यावर खिळलेला कॅमेरा) सोडा, पाठ फिरवा आणि सरळ पळा. दुसरा झपाटा घेऊन ती तुमच्याकडं झेपावते तेव्हा मागं नाही, तिच्या दिशेनं, तिच्या खालून रोल. ती तुमच्या डोक्यावरून पलीकडं जाते. तिसऱ्याला पुन्हा वळून तिच्याच दिशेनं. शेवटचा वार राहतो तो लहान असतो, तोवर तुम्ही तिच्या पाठीमागं असता आणि खाली उतरल्यावर तुम्हाला दोन घाव मिळतात.

अगदी चिकटून असताना तिनं उडी घेतली तर पळून सुटका नाही. तिथं दोन उपाय आहेत. एक ब्लडहाउंड्स स्टेप, झटक्यात सरकायचं कौशल्य. ड्रॅगनबॅरोत लेन्स राइजजवळच्या पुलावर रात्री नाइट्स कॅव्हलरी असतो, त्याच्याकडून मिळते. १.०६ पॅचमध्ये तिची धार कमी केली, लागोपाठ वापरली की आणखी कमी होते, तरी या एका कामाला ती पुरते. दुसरा उपाय फ्रीझिंग पॉट. ती हवेत थांबलेली असताना तो अंगावर फुटला की डाव तुटतो आणि ती खाली येते. पॉट आधीच क्विक स्लॉटमध्ये समोर आणून ठेवा, त्या क्षणी शोधत बसायला वेळ नसतो.

आणि सगळ्यात सोपी काळजी ही की पट्टी पाऊण झाली की तिला चिकटून राहायचं सोडा. मारा, बाहेर या. मारा, बाहेर या. ती लांबून उडाली तर वॉटरफाउल निम्मा सुटलेला असतो.

वस्तादांचा_पुतण्या (गंगावेस)

लई नेमकं लिहिलंय. मी एवढंच जोडतो की पहिल्यांदा जाताना हल्ल्याचं बटण दाबूच नका.

आमच्या घरात कुस्ती हाय. लाल मातीत दोन पैलवान उतरले की लगेच डाव टाकत नाहीत. आधी खडाखडी होते. मनगट धरायचं, सोडायचं, समोरच्याचा पाय कुठं पडतोय, दम कुठं लागतोय ते बघायचं. जो त्या खडाखडीत घाई करतो त्याचाच पट निघतो. मलेनियाशी मी तसंच केलं. नुसता आत जायचो आणि तिच्याभोवती फिरायचो. फ्लास्क संपेपर्यंत फक्त चुकवायचं. तिची लाथ कधी येते, मिठी मारायला हात कधी पुढं करते, कुठल्या दोन वारांत अंतर पडतं, हे अंगात बसल्यावर मग हत्यार काढलं.

नजर तलवारीवर ठेवू नका. कंबर आणि पाय बघा. तलवार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, पाय आधी सांगतात.

तपकिरी_मांजर (ताराबाई पार्क)

मी जादूवाली आहे, त्यामुळं वरचं सगळं मला उलट्या बाजूनं दिसतं. लांबून एकामागून एक दगड फेकत राहिलात तर ती चुकवते आणि एका झेपेत अंगावर येते. जादूगारांची नेहमीची सवय, अंतर राखून सतत मारत राहायची, इथं कामाची नाही. तिचा एखादा लांब कॉम्बो संपला की एक स्पेल. एकच. मग पाय मोकळे.

पण दुसरी फेरी आपल्यासाठी वरदान आहे असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या फेरीत ती पंख घेऊन उठते आणि सुरुवातच स्कार्लेट एओनियानं करते: वरून सूर मारते आणि जिथं पडते तिथं मोठं लाल फूल उमलतं. सूर येताना पळा, अगदी शेवटी रोल मारा, फूल फुटेपर्यंत जवळ जाऊ नका. त्यानंतर ती काही सेकंद त्या फुलात गप्प पडून असते. संपूर्ण लढाईत एवढा निवांत वेळ ती दुसऱ्यांदा देत नाही. मी तिथं कॉमेट अझूर सोडते. फिजिकमध्ये (मिश्रणाच्या फ्लास्कमध्ये) सेरुलियन हिडन टिअर घातलेला असतो, त्यामुळं एफपी (जादूची ताकद) जात नाही. जवळून लढणाऱ्यांनीही हा वेळ वाया घालवू नये, पण फुलाच्या कडेला रॉट भरतो म्हणून तो उतरवणारे प्रिझर्व्हिंग बोलस हाताशी ठेवा. आणि हे लक्षात असू द्या की दुसऱ्या फेरीत तिची पट्टी पूर्ण भरत नाही, साधारण ८० टक्क्यांपासून सुरू होते. उठताना ती भीतीदायक दिसते म्हणून पुष्कळजण तिथंच मनातून हरतात. काम निम्म्याहून कमी उरलेलं असतं.

शिवाजीपेठ_सोलो

स्पिरिट अ‍ॅश आणि समन (ऑनलाइन बोलावलेला खेळाडू) वापरून पाडली तर ती पाडली असं मी धरत नाही. मिमिक टिअर पुढं ढकलून मागून जादू मारायची, यात लढाई कुठाय? बॉस एकट्यानं शिकायचा असतो. बाकी धागा उत्तम आहे.

तपकिरी_मांजर (ताराबाई पार्क)

@शिवाजीपेठ_सोलो, तुम्ही एकट्यानं पाडली याचं मला खरंच कौतुक आहे, ते सोपं नाही. पण धरत नाही हे तुम्ही कुणाला सांगताय? अ‍ॅश गेममध्येच दिलेल्या आहेत, त्या वाढवायला ग्लोव्हवर्ट ठेवलेत, त्यासाठी रॉडेरिका आणून बसवली आहे. बनवणाऱ्यांनी हा रस्ता मुद्दाम आखलाय.

शिवाय मलेनियापुढं अ‍ॅश आणली म्हणजे काम फुकट झालं असं मुळीच नाही. अ‍ॅशला लागलेला घावही तिला रक्त देतो. चुकीची अ‍ॅश आणली तर लढाई जास्त अवघड होते. म्हणून मी मिमिकपेक्षा ब्लॅक नाइफ टिशे सुचवते. रिंगलीडर्स एव्हरगाओलमध्ये अलेक्टोला हरवल्यावर मिळते. टिशे स्वतः उड्या मारून चुकवते, त्यामुळं मलेनियाला रक्त कमी मिळतं, आणि तिच्या घावानं थोडा वेळ रक्त झिरपतही राहतं. मिमिक तुमच्याच बिल्डची नक्कल करते, तुम्ही जड चिलखत घालून उभे राहत असाल तर तीही उभी राहून मार खाते. १.०३ पॅचनंतर तिचा मारही कमी झालाय.

शिवाजीपेठ_सोलो

टिशेचं पटलं. पण ऑनलाइन समनचं काय? दुसराच कुणीतरी येऊन पाडतो आणि आपण दारात उभं राहून बघायचं.

रात्रपाळी (राजारामपुरी)

यावर एकच सांगतो. २०२२ मध्ये 'लेट मी सोलो हर' या नावाचा एक खेळाडू जगभर गाजला. डोक्यावर मडकं, अंगावर जवळपास काही नाही, दोन कटाना, आणि लोकांच्या जगात समन होऊन तो मलेनिया एकट्यानं पाडायचा. हजाराच्या वर वेळा पाडल्यावर बांदाई नामकोनं त्याला खरी तलवार भेट पाठवली. आपण सगळेच त्याला मानतो. तो ज्यांच्या जगात गेला ते सगळे समन करणारेच होते, त्यांनी बोलावलंच नसतं तर तो घडलाच नसता. मग त्याला मानायचं आणि त्याला बोलावणाऱ्याला कमी लेखायचं, हे मला योग्य वाटत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर माणूस समन केला की बॉसची हेल्थ वाढते. आलेला गडी सारखा मार खात असेल तर लढाई जास्त लांबते. बोलवायचा तर चुकवणारा बोलवा.

उद्यमनगर_लेथ

पॅरीवर (येणारा वार वेळ साधून परतवण्यावर) कुणी काहीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. @रात्रपाळी यांचा मूळ मुद्दा घेतला, तिला रक्त मिळू द्यायचं नाही, तर पॅरीइतका चोख उपाय दुसरा नाही. पॅरी लागली की घाव लागत नाही, ढालीवरही आपटत नाही, तिच्या पट्टीत एक थेंब जात नाही.

बहुतेक शत्रू एका पॅरीत उघडे पडतात. मलेनियाला तीन लागतात. तीन झाल्या की ती गुडघ्यावर येते आणि क्रिटिकल (जबर घाव) मिळतो. पहिल्या दोन वाया गेल्या असं समजून बरेच जण सोडून देतात, पण त्या मोजल्या जात असतात. फार वेळ मध्ये जाऊ दिला तर मात्र स्टान्स (तिचा तोल) परत भरतो, म्हणून तीनही थोड्या वेळात बसल्या पाहिजेत.

मी बक्लर ही लहान ढाल वापरतो. त्याची पॅरीची खिडकी मोठ्या ढालीपेक्षा बरी आहे. पहिल्या फेरीतले तिचे तलवारीचे साधे वार जवळजवळ सगळे पॅरी होतात. मी सुरुवात केली ती फक्त एका वारावर: ती पळत येऊन खालून वर तिरकी तलवार काढते तो. तेवढाच पॅरी करायचा, बाकी सगळं चुकवायचं. तो हातात बसला की दुसरा घ्यायचा. एकदम सगळे पॅरी करायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. लाथ, मिठी आणि वॉटरफाउल यांना पॅरी नाही, तिथं हात आवरा.

क्रिटिकल मारल्यावर ती उठताना लगेच अंगावर जाऊ नका. त्या वेळात फ्लास्क प्या. एरवी तुम्ही पिताना दिसलात की ती झेप घेतेच, तेव्हा पिण्याचा सुरक्षित वेळ हाच.

कळंबा_जेलरोड

भाल्याला ब्लीड लावला. पहिली फेरी गेली! दुसऱ्या फेरीत ती लांब जाते आणि तिच्यासारख्याच लाल सावल्या एकामागून एक अंगावर येतात, तिथं मरतोय. काय करायचं?

वस्तादांचा_पुतण्या (गंगावेस)

जमतंय की भावा! सावल्यांना एकेकीला रोल मारत बसू नको, स्टॅमिना संपतो. लॉक सोड आणि एकाच बाजूला आडवा पळत राहा, मध्ये थांबायचं नाही. सावल्या तू होतास तिथं मारतात. सगळ्यात शेवटी ती स्वतः येते, त्या एका वारासाठी स्टॅमिना राखून ठेव आणि तेव्हा रोल मार. ढाल वर धरलीस तर सगळ्या सावल्या ढालीवर आपटतील आणि तिची पट्टी भरून येईल, ते करू नको.

रात्रपाळी (राजारामपुरी)

बरोबर. आणि दुसऱ्या फेरीत वॉटरफाउल कधीही येऊ शकतो, त्यामुळं तिथं पहिल्यापासूनच बाहेर राहून खेळ. ती पुन्हा पंख पसरून उंच गेली तर सूर येणार, म्हणजे परत एकदा फूल, म्हणजे परत एकदा तुझी पाळी.

यंत्रमाग_बाबा (इचलकरंजी)

नमस्कार. मी इथल्या बहुतेकांपेक्षा वयानं मोठा आहे. मुलामुळं हा खेळ हातात आला आणि आता मुलगा कॉलेजला पुण्यात, खेळतोय मी. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे पावसाळ्यात ऐन लढाईत लाइट जाते. सेव्ह फाइल खराब होईल अशी धास्ती वाटते. दुसरं, पीसी जुना आहे, १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० चं ३ जीबीवालं कार्ड. तिच्या फुलाच्या वेळी चित्र अडखळतं आणि रोल चुकतो. नवीन कार्ड घेतल्याशिवाय जमणार नाही का?

उद्यमनगर_लेथ

बाबा, नमस्कार. तुमचा पीसी बरोबर किमान गरजेवर बसतोय. १२ जीबी आणि १०६० ३ जीबी हेच किमान म्हणून दिलेलं आहे, १६ जीबी आणि १०७० हे शिफारस केलेलं. कार्ड घ्यायची गरज नाही. हा गेम पीसीवर ६० फ्रेमच्या वर जातच नाही, त्यामुळं महागड्या कार्डानं या लढाईत तुम्हाला फार काही मिळणार नाही. तुम्हाला हवाय तो स्थिर वेग. गवत, सावल्या, व्हॉल्युमेट्रिक हे सगळं खालच्या पातळीवर आणा, इफेक्ट्सही कमी करा, फुलाच्या वेळी ओझं तिथूनच येतं. तरीही अडखळलं तर रिझोल्यूशन एक पायरी उतरवा. चित्र थोडं भुरकट झालं तरी चालेल, पण रोलची वेळ दरवेळी तीच राहिली पाहिजे. कधी जलद कधी संथ असं झालं तर हाताला सवयच लागत नाही.

लाइटचं म्हणाल तर घरच्या साध्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात पीसी बंद पडू शकतो. कॉम्प्युटरसाठीचा लहान यूपीएस लावा, त्यावर पाच-दहा मिनिटं मिळाली तरी मेन्यूतून नीट बाहेर पडता येतं.

रात्रपाळी (राजारामपुरी)

बाबा, सेव्हचं मी सांगतो. गेम सतत आपोआप सेव्ह करत असतो, त्यामुळं तुम्ही मागं फारसे जाणार नाही. धोका आहे तो फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर. म्हणून अधूनमधून फाइलची प्रत काढून ठेवा. विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये रोमिंग, त्यात एल्डनरिंग नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं फोल्डर गेम बंद असताना पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं, बस्स. मलेनियाला भिडण्याआधी मी ते करतोच.

आणखी एक, घरच्या माणसांसाठी. या गेमला पॉज नाही असं सगळे सांगतात. ऑफलाइन असाल तर आहे. इन्व्हेंटरी उघडा, हेल्पचं बटण दाबा, त्यात 'मेन्यू एक्स्प्लनेशन' निवडा. ती खिडकी उघडी असेपर्यंत गेम जागच्या जागी थांबतो. दारावर कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली, तर निवांत उठून या.

यंत्रमाग_बाबा (इचलकरंजी)

हे तर मुलानंही सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आता आणखी एक विचारतो. मी कटाना दोन घेतल्या आहेत, उचिगाताना आणि नागाकिबा, दोन्हींवर ब्लीड. रिव्हर्स ऑफ ब्लड या कटानाच्या मागं लागावं का? सगळे व्हिडिओत तीच दाखवतात.

शिवाजीपेठ_सोलो

बाबा, नका लागू. तुमच्या हातात जे आहे तेच उत्तम आहे. रिव्हर्स ऑफ ब्लडच्या कॉर्प्स पायलर या डावाची ताकद १.०६ मध्ये कमी केली, आणि जुने व्हिडिओ त्याआधीचे आहेत. दोन कटानांचा उडी मारून घाव घ्या: दोन्ही हातांचं एकदम लागतं, ती हलते, ब्लीड पटकन भरतो. उडी, घाव, बाहेर. आणखी मारावंसं वाटेल, मारू नका. लॉर्ड ऑफ ब्लड्स एक्झल्टेशन टॅलिस्मन मिळाला नसेल तर लेंडेलच्या कॅटॅकोम्ब्समधून घ्या. जवळपास ब्लीड फुटला की थोडा वेळ तुमचा मार वाढतो, तुमच्या बिल्डवर तो कायम चालू राहील.

टिशे घ्यायची असेल तर घ्या. वर झालेल्या चर्चेनंतर मी त्याला नाही म्हणणार नाही.

कळंबा_जेलरोड

पडली!!! सावल्यांच्या वेळी आडवा पळालो, शेवटचा रोल बसला, तिच्याकडं थोडंसंच उरलं होतं आणि ब्लीड फुटला. अजून हात थरथरतायत. ४,८०,००० रून (गेममधलं चलन) मिळाले. सगळ्यांचे लई लई आभार. आता तिच्या रिमेम्ब्रन्सचं (बॉस पाडल्यावर मिळणाऱ्या आठवणीचं) काय करू? हँड ऑफ मलेनिया ही तलवार घेऊ का स्कार्लेट एओनिया हा मंत्र?

वस्तादांचा_पुतण्या (गंगावेस)

नाद खुळा! आज झोप लागणार न्हाई तुला.

तपकिरी_मांजर (ताराबाई पार्क)

अभिनंदन! दोन्ही घे. रिमेम्ब्रन्स बदलून देणाऱ्या एनियाकडं ती लगेच देऊ नकोस. चालत्या मॉसोलियमपैकी (कबरींच्या इमारतींपैकी) ज्याच्या पोटाखाली घंटा लटकते ते गाठ, त्याच्या पायांवरच्या कवट्या फोडून खाली बसव आणि आत जाऊन रिमेम्ब्रन्सची दुसरी प्रत काढ. बिनघंटेच्या मॉसोलियममध्ये डेमिगॉडची प्रत निघत नाही. तुझा बिल्ड डेक्सचा (चपळाईचा) असेल तर आधी हँड ऑफ मलेनिया घे, त्यात वॉटरफाउल डान्स तुझ्याच हातात येतो.

आणि मिलिसेंटचं काम तू पूर्ण केलं होतंस का? एल्फाएलमध्ये तिच्या बहिणींशी लढताना तिला मदत करून, तिच्याकडची अनअलॉइड गोल्ड नीडल तुझ्यापाशी असेल तर मलेनियाच्या खोलीतून निघायच्या आत ती पडली तिथल्या फुलाला हात लाव. मिकेलाज नीडल मिळते. फ्रेन्झीड फ्लेमचा शाप घेतला असशील तर तो काढायचा तेवढा एकच मार्ग आहे, ड्रॅगनलॉर्ड प्लॅसिडूसॅक्सच्या मैदानात जाऊन ती वापरायची.

कळंबा_जेलरोड

नीडल आहे माझ्याकडं! चाललो फुलाकडं.

यंत्रमाग_बाबा (इचलकरंजी)

अभिनंदन बाळा. सेटिंग खाली आणल्यापासून अडखळणं थांबलंय. उद्या शिफ्ट संपली की टिशे आणायला निघतो. रिंगलीडर्स एव्हरगाओलला जायला रानी या पात्राचं काम किती पुढं गेलेलं लागतं?

तपकिरी_मांजर (ताराबाई पार्क)

बाबा, ते मूनलाइट अल्टारच्या पठारावर आहे. तिथं चढायला रानीचं काम रेनालाच्या ग्रंथालयात डार्क मून रिंग मिळेपर्यंत आणि लेक ऑफ रॉटपलीकडं अस्टेल हा बॉस पडेपर्यंत न्यावं लागतं. लेक ऑफ रॉटमधून जाताना बोलस भरपूर घ्या. आणि अलेक्टोशी एकट्यानंच लढावं लागेल, एव्हरगाओलमध्ये अ‍ॅश चालत नाही. ती टिशेची आई, तिच्याच चालीनं लढते. तिला चुकवता आलं की मलेनियाची निम्मी तयारी तिथंच होईल.